बांधून ठेवलेल्या होड्या

आज एकही होडी सुटणार नाही, असे देवजी नाखव्याने शांतपणे सांगितले आणि नगरसेवक हरेशचा संताप मस्तकात गेला. दिवाळे गावाच्या किनाऱ्यावर होड्या नवरीसारख्या नटून उभ्या होत्या. पताका फडफडत होत्या. पुढच्या टोकांना, नाळेवर, झेंडूच्या माळा चढल्या होत्या. थोड्याच वेळात मंत्रिमहोदय येणार होते. भर खाडीत, साऱ्या गावाच्या होड्यांच्या साक्षीने, ते हरेशची विधानसभेची उमेदवारी घोषित करणार होते. आणि नेमकी आजच सकाळी गोजरा मेली होती.

गोजरा म्हणजे कोण? जवळा निवडण्याच्या आणि सुकवण्याच्या रोजंदारीवर सारा जन्म काढलेली एक म्हातारी. कुठल्याशा डोंगरी गावातून ती पोटासाठी आली होती. तिला ना नवरा, ना मूल, ना सातबाऱ्यावर नाव. मासळी वाळवण्याच्या मैदानाकडेला पत्र्याच्या एका खोपटात ती राहिली आणि तिथेच तिने प्राण सोडला. परंतु दिवाळ्याची रीत अशी की, गावात मयत झाली म्हणजे त्या दिवशी कोणाचीही होडी पाण्यात जात नाही. मग कोणाच्या घरी चूल पेटो वा न पेटो.

हरेशला ही रीत ठाऊक नव्हती असे नव्हे. तो याच चिखलात वाढला होता. तो खलाशाचा मुलगा. त्याला कळू लागण्यापूर्वीच बाप गेला. आईने डोक्यावर पाटी घेतली आणि सानपाड्याच्या सोसायट्यांतून दारोदार मासळी विकली. हरेशने नववीत शाळा सोडली. बर्फाच्या लाद्या वाहिल्या. प्रकल्पग्रस्तांच्या मोर्चात घसा फोडला, पोलिसांची लाठी पाठीवर झेलली. असा पायरी पायरीने चढत तो महापालिकेच्या सभागृहात जाऊन बसला होता. मी या खाडीचा भूमिपुत्र आहे, या वाक्याशिवाय त्याचे एकही भाषण सुरू होत नसे. आता शेवटची पायरी समोर दिसत होती, आणि तिच्यावर एका परक्या म्हातारीचे प्रेत आडवे पडले होते.

त्याने प्रथम विनवणी केली. मग आपण गावासाठी बांधून दिलेल्या धक्क्याची आठवण करून दिली. देवजी ढिम्म हलला नाही. हरेशने शेजारच्या गावातून होड्या मागवून पाहिल्या. दिवाळ्यात मयत आहे हे समजताच पलीकडच्या माणसाने फोन ठेवून दिला. तेव्हा संतापाने आंधळ्या झालेल्या हरेशला एक युक्ती सुचली. रुग्णवाहिका बोलवावी, गोजराला दवाखान्यात न्यावे आणि ती संध्याकाळी तिथेच वारली असे जाहीर करावे. म्हणजे मयत गावाबाहेरची ठरेल, रीतही मोडणार नाही.

तो हे मोठ्याने बोलला, ते खोपटापाशी मयतीची तयारी करणाऱ्या बायकांच्या कानी पडले. बाजारात वर्षानुवर्षे गोजराच्या शेजारी बसून मासळी विकलेली सुचिता पदर खोचून पुढे आली.

"मेल्याव तिला जिती करतंस व्हय रे शेठ? जितेपनी तर येक दिस इचारला नाय, म्हातारे, जेवलीस का म्हनून."

बायका हसल्या नाहीत. ते न हसणेच हरेशला जास्त झोंबले. तो देवजीकडे वळला. त्याचा आवाज सभेत चढतो तसा चढला.

"गोजरा आपल्या गावची होती कुठं, काका? रीत गावच्या माणसासाठी असते. बाहेरून आलेल्या बाईपायी तुमी भूमिपुत्राचं वाटोळं करताय."

देवजी रागावला नाही. तो हातातला दोर खाली ठेवून हरेशच्या जवळ आला आणि इतरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलला.

"तुजा बापूस हर्नैशी आयलेला, माज्या होरीवर खलाशी म्हनून. हितं त्याचा घर नवता का वल्ख नवती. तापान मेला तो नारली पुनवंचा दिस. समदा गाव सोन्याचा नारल घेऊन बंदरावर हुबा व्हता. येक होरी सोरली नाय आमी. आनि तुजे आयशीला कोनी इचारला नाय, बाय, तुमी कुठले म्हनून."

हर्णैला आपले आजोळ आहे, एवढेच हरेशला ठाऊक होते. आईने कधी अधिक सांगितले नव्हते. गावानेही नाही. इतकी वर्षे मोर्चात, प्रचारात, भांडणात, कोणी एका शब्दाने ते त्याच्या तोंडावर फेकले नव्हते. त्याच्या विरुद्ध निवडणूक लढवलेल्यांनीसुद्धा नाही.

खिशातला फोन वाजला. मंत्रिमहोदयांचे स्वीय सहाय्यक होते. साहेबांची गाडी निघाली होती, आणि होड्या पाण्यात उतरल्या का, असे ते विचारत होते. मग त्यांनी आवाज उतरवून समज दिली की, आज साहेब रिकाम्या किनाऱ्यावरून परत फिरले तर उमेदवारी दुसऱ्याची झालीच म्हणून समजा. दोघेजण दारात उभेच आहेत.

खोपटापाशी तिरडी बांधून झाली होती. गोजरापुढे मडके कोण धरणार, यावर बायकांची हलक्या आवाजात चर्चा चालली होती. तिचे असे कोणी नव्हते.

हरेशने पायांतले बूट काढले.

"साहेबांना सांगा, येऊ नका," तो फोनवर म्हणाला. "माझ्या घरात मयत झालीय."