सगळ्यांचं उत्तर आठ

फळ्यावर आठाच्या डोक्यावर सातवं टिंब चढलं, तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या.

बादलीत काळी-पांढरी बटणं होती, शिंप्याकडून मागून आणलेली. डोळे मिटायचे, वीस बटणं काढायची, त्यातली काळी किती ते मोजायचं आणि फळ्यावर ओळीनं लिहिलेल्या आकड्यांपैकी त्या आकड्यावर टिंब द्यायचं, एवढाच खेळ. कुणाला पाच मिळतील, कुणाला अकरा. मधे टिंबांचा ढीग होईल, दोन्हीकडे उतरत जाईल. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि तरी एकाचंही चूक नाही, हे या पोरांना एकदा तरी डोळ्यांनी दिसावं म्हणून बाईंनी मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून हा तास मिळवला होता. जमलं नाही तर उद्यापासून पुन्हा घोकंपट्टी.

पण सुरुवात केली ती वर्गात पहिला येणाऱ्यानं. त्याला आठ मिळाली. झालं, मग सगळ्यांनाच आठ मिळू लागली.

आता बादलीपाशी एक मुलगी होती. तिनं काळी बटणं मोजली, फळ्याकडे पाहिलं, आणि तीन पांढरी गुपचूप परत टाकून तीन काळी वेचली.

"हे काय गं?"

"चुकलं होतं बाई. पाचच आली. नीट करतेय."

"अगं, यात चुकत नाही. पाच आली तर पाच."

"पण उत्तर आठ आहे ना?"

"एकच उत्तर नसतं," बाई सगळ्या वर्गाला म्हणाल्या. "प्रत्येकाचं वेगळं यायला हवं."

पोरं हसली. बाई फिरकी घेतायत, हे न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती. "मग परीक्षेत काय लिहायचं?" मागून कुणीतरी विचारलं. एकेक करत सगळा वर्ग आठावर चढला.

शेवटी त्यांनी स्वतःच डोळे मिटून बादलीत हात घातला. सहा काळी. सहावर ठसठशीत टिंब दिलं.

"असू दे बाई," ती मुलगी हळूच म्हणाली. "पुन्हा काढा. होतं कधी कधी."

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. आठावरचा सरळसोट मनोरा पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"वा. मला वाटलं, नुसता गोंधळ असेल. अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर म्हणजे काय! दुसऱ्या तुकडीलाही घ्या हा तास." मग त्यांनी चष्मा सावरला. "हा सहावाला कोण?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी वर्गाकडे पाहिलं. एकही पोर त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळी मिळून त्यांना सांभाळून घेत होती. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

मुलगी उठली, फळ्यापाशी गेली आणि तळहातानं ते टिंब पुसून टाकलं.

"कुणी नाही सर," ती म्हणाली. "चुकून लागलं होतं."