अडीच घरं

आमोदने मोबाईल टेबलावर आडवा ठेवला आणि वडिलांचा कालचा डाव पुन्हा पहिल्यापासून लावला. श्यामसुंदरांचा हा पहिला ऑनलाइन डाव. अ‍ॅप आमोदनेच घालून दिलं होतं. आई गेल्यापासून बाबा नुसते बसून असतात, निदान डोकं तरी चालू राहील, म्हणून.

"समोर कोण होता?"

"ब्राझीलचा कोणीतरी. नमस्कार केला, त्याने उत्तर दिलं नाही."

आमोद एकेक चाल पुढे नेत होता. राजापुढचं प्यादं एक घर. वजिरापुढचं एक घर. घोडा, उंट. मग घोड्यापुढचं प्यादं, तेही एकच घर.

"सगळं एकेक घर का, बाबा? दोन टाकता येतात की पहिल्यांदा."

"घाई कसली आहे?"

"तसं याला नाव आहे म्हणा." आमोदने कोपऱ्यातलं इंग्रजी नाव वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "ओपनिंग आहे हे. चुकीचं नाही. हळू आहे, एवढंच."

सहाव्या चालीवर तो थांबला. पांढरा राजा आपली जागा सोडून एक घर पुढे, उघड्यावर येऊन उभा होता. त्याच्या डोक्यावर दोन लाल प्रश्नचिन्हं, अ‍ॅपच्या भाषेत मोठी चूक. त्याच्या पुढे डाव फार टिकला नव्हता.

"इथे काय विचार केलात? किल्लेकोट समोर होता. राजा हत्तीच्या आड सुरक्षित बसला असता."

"राजा जाईना."

"कुठे जाईना?"

"मी दाबलं. तो परत जागेवर आला. परत दाबलं, परत आला. घड्याळ पळत होतं. मग जिथे गेला तिथे जाऊ दिला."

"पण न्यायचा कुठे होता?"

श्यामसुंदरांनी राजावर बोट ठेवलं. उजवीकडे दोन घरं आणि वर एक.

आमोदने ती घरं मनात मोजली. गेल्या महिन्यात बाबा स्वारगेटला उतरायचे ते कात्रजपर्यंत बसून गेले होते. त्यानंतर एकदा कुकरमध्ये पाणी घालायचं विसरले. ते आमोदने मनावर घेतलं नव्हतं. पण नंतर एका सकाळी त्यांनी दोन कप चहा ओतला, एक आईच्या खुर्चीसमोर ठेवला, आणि आमोदने उद्या सोमवारी स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती.

"बाबा, ही घोड्याची चाल झाली."

"हो."

"तो राजा होता."

श्यामसुंदरांनी चष्मा काढला. त्यांच्या आईला शेवटी स्वतःची मुलं ओळखू येत नव्हती. ती त्यांना रोज विचारायची, आपण कुठले?

"राजा होता, ते मला माहीत आहे," ते सावकाश म्हणाले. "राजाच न्यायचा होता. एकदा जातो तो तसा."

"नाही जात, बाबा."

"हेमाचा जायचा."

"आईचा?"

"मला कुणी शिकवलं बुद्धिबळ? लग्नाआधी मला प्यादं ठाऊक नव्हतं. तिच्याशीच खेळलो, दुसऱ्या कुणाशी नाही." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "का हेही मीच मनाने रचतोय? सुशीलाताईंना लाव बरं फोन."

सुशीलाबाई हेमाची थोरली बहीण. अकोल्याहून येऊन कात्रजला मुलाकडे राहतात. आमोदने फोन स्पीकरवर टाकला.

"काय बापू, जेवले का?"

"जेवलो, ताई. एक विचारायचं होतं. बुद्धिबळात राजा घोड्यासारखा जातो का?"

आमोद मोबाईलकडे बघत राहिला. श्यामसुंदर खिडकीबाहेर.

"जाते ना! अडीच घरं. शह बसाच्या आधी, एकदाच. तुमच्या पुण्यात नाही जात काय राजा?"

श्यामसुंदरांनी फोन आमोदकडे सरकवला. आमोदच म्हणाला, "मावशी, मोबाईलमध्ये नाही जात."

"मोबाईलवाल्यायले नसन माहीत. आमच्या घरी सारे असेच खेळत. अन् प्यादं एकच घर बरं, त्याले काय गाडी पकडाची हाये? हेमीनं सांगतलं नाही का तुले?"

"मी क्रिकेट खेळायचो, मावशी."

"मंग बरोबर," मावशी म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

आमोदला आधी हसू आलं, मग ते आवरेना. श्यामसुंदरही हसले. हसता हसता त्यांनी चष्मा पुसला, आणि पुसतच राहिले.

"म्हणजे तीसेक वर्षं तुम्ही दोघं वेगळाच खेळ खेळत होतात."

"वेगळा कसला? आमचा."

"उद्याचं काय करायचं? डॉक्टरांचं?"

"जाऊ की. पैसे भरलेत ना तू? फक्त त्यांना आधी विचार, आपण मूळचे कुठले. नाहीतर मला बुद्धिबळ विचारतील आणि उगाच गोळ्या देतील."

ते उठले. कपाटातून लाकडी पट आणला, सोंगट्यांची पिशवी त्यावर रिकामी केली. एक काळा हत्ती हरवला होता. त्याच्या जागी हेमाने ठेवलेलं शर्टाचं मोठं बटण तसंच होतं. ते त्यांनी आपल्या बाजूला कोपऱ्यात ठेवलं. पांढऱ्या सोंगट्या समोर मांडल्या, हेमाच्या खुर्चीकडे.

"बस," ते म्हणाले.

आमोद बसला. राजापुढचं प्यादं उचलून त्याने दोन घरं पुढे टाकलं.

श्यामसुंदरांनी ते बोटाने एक घर मागे सारलं.

"या घरात एकच घर."