न आलेला दात

लेकीच्या हिरडीवरचा तो टणक फुगवटा म्हणजे गाठ नव्हती. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरून तसं सांगितलं, तेव्हा कुठे फोटोग्राफरचा जीव भांड्यात पडला.

"हा सुळा आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या शेजारचा दात हिच्या जबड्यात तयारच झालेला नाही, म्हणून हा भलतीकडून निघालाय. तार लावून आणू जागेवर. असं बहुधा घराण्यात असतं. तुमचे दात बघू?"

त्याने शहाण्या मुलासारखा आ केला. बत्तिशी शाबूत होती.

"मग हिच्या आईचे?"

आई जाऊन वर्ष उलटलं होतं. "तिचे चांगले होते," तो म्हणाला, आणि तिथेच अडखळला. 'जरा हसा' म्हणत दिवसभर लोकांची तोंडं न्याहाळायची, हा त्याचा धंदा. कुठल्या गिऱ्हाइकाचा कुठला दात किडलाय, हेही त्याच्या ध्यानात राहायचं. बायकोचे तर त्याने ढीगभर फोटो काढले होते. एकूणएक फोटोत ओठ मिटलेले. लाजाळू आहे हो फार, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

"आईला पण नव्हता हा दात," खुर्चीत पाय हलवत बसलेली लेक म्हणाली.

"तुला गं काय माहीत?"

"हसायची तेव्हा दिसायचं की! तुम्ही स्टुडिओत गेलात की आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसायचो."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं इतकं त्याला एकटं वाटलं.

रस्त्यावर आल्यावर त्याने, फोटोत केस लावून मागणाऱ्या एका टकलू गिऱ्हाइकाची हुबेहूब नक्कल केली. लेक फिस्सकन हसली आणि चटकन तिने तोंडावर हात धरला.

तो हात त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. संसारभर त्याने तो पाहिला होता.

"हात काढ की गं," तो म्हणाला. "माझ्यापुढे कसली लाज?"

तिने मान हलवली. "तुम्ही आधी तिकडे बघा."

त्याने मुकाट्याने तिच्याकडे पाठ केली, आणि समोरच्या बंद दुकानाच्या शटरकडे बघत पुन्हा त्या टकलूचा आवाज काढला. मागे लेक खळखळून हसत होती.