उतारा नसलेला पेपर

केटा गावच्या शाळेत इंग्रजीच्या सराव परीक्षेत उताऱ्याचं पान झेरॉक्स करायचंच राहिलं. मुलींच्या हाती पडले नुसते प्रश्न. बाकी सगळ्यांनी कोरे कागद दिले. एकट्या सेफाकोरची उत्तरं बरोबर आली. आकपेने नावाच्या इंग्रजीच्या मॅडमनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"उतारा काय स्वप्नात वाचलास? पेपर कुणी फोडला ते सांग, नाहीतर बोर्डाच्या परीक्षेतून नाव काढीन."

"कुणीच नाही, मॅडम."

"मग हे काय? प्रश्न आहे, नर्सने मुलीला पाणी आणायला का पाठवलं? तू लिहितेस, आईचा शेवटचा श्वास तिने पाहू नये म्हणून. उताऱ्यात अगदी हेच आहे!"

सेफाकोर खाली बघत म्हणाली, "मी प्यायच्या पाण्याची पिशवी घेऊन धावत आले, मॅडम. तोवर आईच्या तोंडावर चादर ओढली होती."