पाचवा फोटो

ऑफिसातली चार बिऱ्हाडं दरवर्षी पोराबाळांसकट होडी ठरवून समुद्रात मासे धरायला जायची. ज्याचा मासा सगळ्यात मोठा, त्याचा माशासकट फोटो, हा ठरलेला शिरस्ता. चार वर्षं सगळ्यात मोठा मासा तिच्याच गळाला लागला आणि चारही वेळा नवरा धावत आला, "सोड, सोड, तुला नाही झेपायचं!" घरी भिंतीवर ते चार फोटो होते. चारही फोटोंत मासा आणि तो. एकात तिचं कोपर तेवढं आलं होतं.

यंदा गळाला हिसका बसला तशी तिने पाय रोवले. "हात लावशील तर याद राख!" तळहात सोलवटले, पण मासा तिने एकटीने वर घेतला. लेक फोन सरसावून उभी राहिली. नवरा केसांवरून कंगवा फिरवत म्हणाला, "आण इकडे, फोटोपुरता धरतो."

तिने गळ अलगद सोडवला आणि मासा समुद्रात भिरकावून दिला.


पाचवा फोटो तिने स्वतः खिळा ठोकून लावला. हवेत मासा, खदखदून हसणारी ती, आणि कडेला कंगवा धरलेल्या हाताचं एक कोपर.