खिडकीवाली चिप

विश्रामने पुण्याहून प्रोग्रॅम भरून आणलेली चिप घरीच एका छोट्या बोर्डावर बसवली. तालुक्यात कॉम्प्युटर कोणी पाहिला नव्हता, आणि इथे जत्रेतले दिवे तो वीतभर बोर्ड एकटाच पळवणार होता. सगळी वाडी बघायला लोटली. शेजारीच रेडिओ दुरुस्त करत बसलेल्या त्याच्या चुलतभावाकडे, गुणाजीकडे, कोणी मान वळवूनही बघितलं नाही.

वार्निश सुकायला बोर्ड आठवडाभर अंगणात उन्हात होता. चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते, तिच्यावरचा कागद निघाला की ऊन आतलं सगळं पुसून टाकतं, हे गुणाजीला ठाऊक होतं. पहिल्याच सकाळी त्याने तो कागद हळूच सोलून काढला.

जत्रेच्या संध्याकाळी दिवे देवळाभोवती झरझर पळू लागले. गुणाजी बोर्डाजवळ जाऊन चिपकडे वाकून बघू लागला. बाजूला उभी असलेली विश्रामची आई त्याच्याकडे वळून हसली.



"चिपेवयलो कागद पयल्याच दिवशी खंय उडान गेलो रे. उघडी काच बघून माका भिया वाटला, म्हणान मी तिच्यार काजळाची जाड तीट लावलंय. घरच्यांची नजर लागणा नाय, पण भायल्यांचो काय भरवसो?"