बिनखोळीची गादी

"उतरव ती गादी!" चाबूक खुंटीला न टांगताच पोपटने फर्मावलं. "खाटकाकडचं बोकड आणलेलं. रक्त सांडलंय. दिवेलागणीच्या आत लख्ख पायजे."

मालनने टांग्यात डोकावून पाहिलं. गादीवर इतकं रक्त, की एका बोकडात ते मावलं तरी कसं! वर माश्यांची जत्रा. पोपटच्या बाहीवरही रक्त, नखांतही.

बोकड कुठे गेलं, हे विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. या घरात थप्पड खायला कारण लागत नसे. प्रश्न विचारून आयतं कारण कशाला द्या?

नाव पोपट, पण गोड बोलणं फक्त गिऱ्हाइकांशी. कल्याण स्टेशनात आगगाडी आली की बाकीचे टांगे छिटाच्या खोळी चढवून उभे. पोपटची गादी मात्र उघडी, तांबड्या चामड्याची, आरशासारखी. "बसून तर बघा, शेट! खोळ तो घालतो, ज्याला काही लपवायचंय!" दिवसातून पन्नासदा तो हे म्हणायचा. दिसला माणूस की म्हणायचा.

आणि राबायचे मालनचे हात. रिठ्याच्या फेसाने पुसा, खोबरेल चोळा, आठ दिवसांनी शिवण उसवून आतला काथ्या पिंजून मऊ करा, शेवटी स्वतः बसून बघा. पोपट कधीच बसत नसे. टांगेवाला गिऱ्हाइकाच्या गादीवर टेकला की धंदा बसतो, असा त्याचा पक्का समज. एकदा पानाच्या पिंकेचा एक थेंब राहून गेला, तर त्याने मालनच्या पाठीवर चाबकाचे सात वळ उठवलेले.

ते वळ घेऊन ती चौकीत गेलेली. फौजदार त्र्यंबकरावांनी कागदातून मान वर काढली नव्हती. "बाई, नुसतं सांगून होत नाही. सरकारला डोळ्यांनी दिसावं लागतं." आता पाठ काय चारचौघांत उघडी करायची? ती परत आली. चौकीची पायरी चढल्याबद्दल पोपटने तिचा दात पाडला.

तेव्हा तिने खोपट गावी भावाकडे सांगावा धाडला. मारुती तिला कायमचं माहेरी न्यायला यायचा होता. आजच, सकाळच्या गाडीने. दुपार कलली तरी त्याचा पत्ता नव्हता.

तिने गादी अंगणात ओढली. दाभणाने शिवण उसवताना बोटाला काहीतरी टोचलं. फटीत चांदीची बाळी अडकलेली. बाळीला कानाचा तुकडा तसाच.

ही बाळी तिनेच मारुतीच्या कानात घातलेली, तो सहा वर्षांचा असताना. कान टोचताना त्याने आळी डोक्यावर घेतलेली आणि वर तिच्याच मनगटाला चावलेला!

बाळी पदराच्या गाठीत गेली. ओठ दातांखाली गेला आणि तिथूनही रक्त आलं.

"काय बघत बसलीस गं?" ओट्यावरून पोपट ओरडला.

"रक्त आत मुरलंय."

"मग काथ्या जाळ. पडवीत नवा भारा पडलाय, तो भर. अक्कल गहाण ठेवलीस का?"

"बरं."

तिने खाडीचं मीठ घेतलं, गार पाणी घेतलं आणि चामडं खसाखसा घासलं. रक्ताला ऊन पाणी लावायचं नसतं, हे बाईच्या जातीला शिकवावं लागत नाही. दोन घागरी संपल्या.

"गादी धुतेस की हत्ती?" पोपट हसला आणि कूस बदलून घोरायला लागला.

अंगणातली चूल पेटली. काथ्याचा उग्र धूर ओट्यापर्यंत गेला. मालनने लांब लांब टाके घालून शिवण मिटवली, वरून खोबरेलाचे तीन हात दिले आणि गादी टांग्यात चढवली. पडवीतला भारा संपला होता.

दिवेलागणीला पोपटने चामड्यावर बोट फिरवलं, नख उलटंपालटं करून पाहिलं.

"काथ्या?"

"जाळला."

"बसून पाहिलंस?"

"पाहिलं."

"शाणी आहेस," तो म्हणाला. सहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

सकाळी दारात त्र्यंबकराव उभे. पांढरीशुभ्र परीटघडीची विजार, मागे दोन शिपाई.

"पोपट, खोपटचा मारुती काल तुझ्या टांग्यात बसला. हमालाने पाहिलंय. बहिणीला घेऊन रात्री घरी पोचायचा होता, पोचला नाही."

"बसला ना, साहेब! पण मधेच उतरला, विठ्ठलवाडीच्या वाटेला. भांडून गेला. माझा मेव्हणा, पण डोक्याने गरम."

"बाई, भाऊ आलेला?"

पोपटच्या हातातला चाबूक किंचित हलला.

"उंबऱ्यापर्यंत नाही आला, साहेब," मालन म्हणाली.

शिपायांनी चाकं पाहिली, तळाच्या फळ्या पाहिल्या. कुठे टिपूससुद्धा नाही. त्र्यंबकराव गादीपाशी वाकले. "फारच स्वच्छ आहे रे."

पोपटच्या मिशा फुलल्या. "बसून तर बघा, साहेब! खोळ तो घालतो, ज्याला काही लपवायचंय!"

मालनने डोळे मिटून घेतले.

त्र्यंबकराव चढले. चांगला भरल्या अंगाचा माणूस. धपकन बसले, मागे रेलले, तपकिरीची डबी काढली. चिमूट ओढून दोनदा शिंकले. "मऊ आहे बुवा."

"आमच्या बायकोचा हात हो!" पोपट हसत म्हणाला. "सगळं तीच..."

त्र्यंबकरावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बुडाखाली हात घातला, बाहेर काढला आणि उजेडात धरला. बोटं तांबडी; लांब टाक्यांच्या फटींतून जुना, ओला काथ्या पाझरत होता. मग ते उठून टांग्याखाली उतरले, आणि त्यांच्या पांढऱ्या विजारीकडे बघून दोन्ही शिपाई एक पाऊल मागे सरले. पोपटचं हसू अर्ध्यावरच लटकलं.

मालनने पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला.

"साहेब," ती म्हणाली, "आता दिसलं?"